पुरातून वाचलेल्या मॅचबॉक्स गाड्या: नव्याने रंगवून घ्याव्यात का?

वाशिष्ठीकाठ

नमस्कार. वाचत बरेच दिवस आहे, लिहितेय पहिल्यांदा. प्रश्न तसा एका ओळीचा: लहानपणीच्या डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या, खेळण्यातल्या गाड्या कुणाकडे तरी देऊन कोऱ्या करून घ्याव्यात का? पण मागचं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही, म्हणून थोडं पाल्हाळ सोसा.

माहेर चिपळूणचं, बाजारपेठेजवळ. काका बोटीवर होता. कोकणात "बोटीवर" म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही, पण घाटावरच्या मंडळींसाठी सांगते, मालवाहू जहाजावर खलाशी. १९६६ ते १९७३ या काळात वर्षा-दीड वर्षाने घरी यायचा आणि पेटीतल्या लोकरीच्या मोज्यांत एकेक गाडी कोंबलेली असायची. मोजे वडिलांना, गाड्या दादाला. मला एकदा आडवी केली की डोळे मिटणारी बाहुली मिळाली होती. महिन्याभरात तिचे डोळे आत गेले, ते पुन्हा काही बाहेर आले नाहीत.

गाड्यांच्या पोटाखाली "मेड इन इंग्लंड बाय लेस्नी" असं कोरलेलं. आम्ही ते "लेसणी" वाचायचो आणि हे काहीतरी लसणीसारखं असणार असं समजायचो. सोबतची खोकी हुबेहूब काड्यापेटीएवढी, पिवळी-निळी. ती आजीने ताब्यात घेतली. सुपारीची खांडं ठेवायला तिला तेवढंच माप हवं होतं.

पडवीच्या पायरीला फळी टेकवून शर्यती लावायचो. खाली कोबा होता, त्यामुळे गाडी बरी पळायची. १९७१ च्या मे महिन्यात काकाने तीन गाड्या आणल्या, त्यांची चाकं निराळीच. पातळ आणि मध्ये चकचकीत. फळीवरून सुटल्या की थेट तुळशीवृंदावनावर जाऊन आपटायच्या. जुन्या गाड्या फळी उतरून दोन हातांवर थांबायच्या. आठवड्याभरात दादाने जुन्या सगळ्या मला देऊन टाकल्या. उदार होऊन नव्हे हो, हरायला लागल्या म्हणून. माझ्या गाड्यांची गोष्ट तिथून सुरू होते. दादाच्या पळणाऱ्या गाड्यांपैकी आज एकही नाही. एक विहिरीत गेली, एक मुंबईच्या आतेभावाने लांबवली, तिसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक. माझ्या मात्र आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी राहिल्या. आईने वर डांबरगोळ्या टाकल्या होत्या.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी घरात आली. तळमजल्याच्या खिडक्या बुडाल्या. चौथ्या दिवशी ट्रंक उघडली तेव्हा वर आईच्या साड्यांचा गाळ होता आणि खाली गाड्या. बादलीत दोनदा खंगाळल्या, गच्चीवर वाळवल्या, बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. त्या दिवसांत गाड्यांकडे कोण बघतंय. तो डबा यंदाच्या दिवाळीत आवराआवरी करताना पुन्हा हाताला लागला.

एकूण सतरा आहेत. काहींची नावं पोटावर अजून वाचता येतात. पांढरी फोर्ड मस्टँग, तिच्या बाजूला बारीक दांडी होती, ती ढकलली की पुढची चाकं वळायची. दांडी आता नाही. लाल दुमजली लंडन बस, तिच्यावरची "व्हिस्को स्टॅटिक"ची जाहिरात अर्धी उरलीय. एक लाल-पिवळं शेतीचं यंत्र आहे, पुढे फिरकं असलेलं. ते कशाचं हे आम्हाला कळायचं नाही, आम्ही त्याच्याने भात झोडायचो. पोपटी रंगाची लांबलचक मर्क्युरी, जिच्या मागच्या काचेतून दोन कुत्री बाहेर बघतात. आजी ती हातात घेऊन नेहमी विचारायची, "कुत्री मागे बसली, मग हाकतंय कोण?" आणि एस्सोची ओढगाडी. तिचा हूक हरवला तेव्हा दादाने तिथे सेफ्टी पिन वाकवून बसवली होती, ती अजून आहे, गंजलेली.

आणि टॅक्सी. शेव्हरोले इम्पाला. मुळात सगळीच नारिंगीकडे झुकणारी पिवळी. पण मुंबईची टॅक्सी तशी कुठे असते? खिडक्यांचे गज रंगवायला आणलेला काळा जपान घेऊन आम्ही ती टपापर्यंत काळी केली, टप तेवढा पिवळा ठेवला. रंग कंदिलाच्या वातीच्या तुकड्याने लावला होता. डाव्या दारावर एक ओघळ आलाय आणि त्या ओघळात वातीचा एक धागा अडकून वाळलाय. बोट फिरवलं की अजून लागतो.

दादा १९८७ पासून न्यू जर्सीला. त्याचा नातू चार वर्षांचा होतोय. दादाने मुंबईत कुणीतरी शोधलाय, जो जुन्या गाड्यांचा रंग उतरवून, पोट उघडून, नव्यासारख्या करून देतो. म्हणतो, "सगळ्या पाठव, खर्च माझा, नातवाला देऊ." खर्चाचा प्रश्न नाही. माझा हात धजत नाही एवढंच. वेडेपणा करतेय का? आणि चाकं अडकलीत, काही ठिकाणी पांढरी भुकटी आलीय, काही काचा धुरकट झाल्यात, त्याला काय करू?

शुक्रवारचा_चोरबाजार (ठाणे)

काका, आधी एक करा. त्या सतरा गाड्या कुरिअरवाल्याच्या हातात देऊ नका. मग वाचा.

मी १९९४ पासून जमवतोय, चारशेच्या आसपास आहेत. बऱ्याचशा चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवर एकेक करून वेचलेल्या. त्यातल्या निम्म्या ज्या अवस्थेत मिळाल्या ती बघितलीत तर तुमच्या गाड्या तुम्हाला राजवाड्यातल्या वाटतील.

तुमच्या दादाने ज्या "हरणाऱ्या" म्हणून दिल्या त्यांना आम्ही रेग्युलर व्हील्स म्हणतो. अमेरिकेत १९६८ मध्ये मॅटेलने हॉट व्हील्स काढल्या. बारीक आस, सुळकन पळणारी चाकं. लेस्नीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं आणि १९६९ पासून त्यांनी आपल्या गाड्यांना सुपरफास्ट चाकं लावायला सुरुवात केली. तुमच्या पडवीत १९७१ ला जे झालं ते म्हणजे या दोन कंपन्यांचंच भांडण, कोब्यावर उतरलेलं. साचा बऱ्याचदा तोच राहिला, चाकं बदलली. म्हणजे जाड चाकांची कुत्र्यांची मर्क्युरी फार थोडा काळ निघाली. ती १९६८ ला आली आणि लवकरच तिलाही पातळ चाकं लागली. आज शोधणारे लोक आधी जाड चाकं शोधतात. दादांना सांगू नका, जेवण जाणार नाही.

नाव लसणीचं नाही. लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ, आडनाव एक पण नातं नाही, नौदलातले दोस्त. दोघांच्या नावांचे तुकडे जोडून लेस्नी. कंपनी १९४७ ची, लंडनची. पुढे जॅक ओडेल नावाचा साचे करणारा त्यांना येऊन मिळाला, खरा कारागीर तो. त्याच्या मुलीच्या शाळेत काड्यापेटीत मावेल एवढंच खेळणं न्यायची परवानगी होती, म्हणून त्याने पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला. त्यातून १९५३ मध्ये ही मालिका निघाली. तेव्हा आजींनी खोकी सुपारीला घेतली त्यात चूक काही नाही, पेटीचंच माप ते. फक्त जमवणाऱ्यांच्या हिशोबाने सांगायचं तर जुन्या मॅचबॉक्सची निम्मी किंमत खोक्यात असते. आजींनी पानाबरोबर तेवढी चघळली. एखादं खोकं पानाच्या डब्यात राहिलंय का बघा, सुपारीचे डाग असले तरी चालतील.

आता दुरुस्ती. गाडीचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं आहे, त्याला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही. तांबडं दिसतंय ते फक्त आसाचं, ती पोलादी तार आहे. रंग उडालेल्या जागी जी पांढरी भुकटी आहे ती जस्ताची. पुराच्या पाण्यात पडून राहिल्यावर ती येणारच. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, तान्ह्या मुलाचा मऊ ब्रश. गाडी पाण्यात भिजत घालू नका, ब्रश ओला करून घ्या. बसवरची जाहिरात आणि टॅक्सीच्या बॉनेटवर चित्र उरलं असेल तर त्याच्या आसपासही जाऊ नका. ती चित्रं पाण्यानेच चिकटवलेली असतात, पाण्यानेच सुटतात. मग सुती कापडाने टिपून पंख्याखाली रात्रभर. उन्हात नको. आसाच्या दोन्ही टोकांना सुईच्या टोकाने शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. एक दिवस थांबा आणि मग बोटाने हळू फिरवा. अडलं तर पुन्हा थेंब, पुन्हा एक दिवस. पक्कड लावायची नाही.

अंगावर केसासारख्या बारीक भेगांचं जाळं दिसतंय का, किंवा पत्रा फुगल्यासारखा वाटतोय का, तेवढं भिंगाने बघा. मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली असेल तर जस्त आतून किडतं, दमट हवेत जास्तच, आणि त्यावर औषध नाही, गाडी बिस्किटासारखी तुटते. हा रोग मुख्यतः युद्धाआधीच्या खेळण्यांचा आहे. साठीच्या दशकातल्या लेस्नीत मी तरी पाहिलेला नाही, तेव्हा घाबरू नका.

धुरकट काचांचं मात्र कठीण. ते पुराने झालेलं नसावं. डांबरगोळ्यांची वाफ काही जातींच्या प्लास्टिकला मऊ करते, काच खडबडीत होऊन बसते. पन्नास वर्षं गोळ्यांखाली राहिल्यात त्या. जे झालं ते झालं, यापुढे गोळ्या बंद.

रंगवायचं म्हणाल तर माझं मत: नको.

कर्दळीवन

आमच्याकडे देवाची भांडी चिंच-मीठ लावून घासतो, पांढरं-हिरवं सगळं जातं. करून बघा, घरगुती उपाय आहे, खर्च शून्य.

शुक्रवारचा_चोरबाजार (ठाणे)

कर्दळीवन, हात जोडतो. देवाची भांडी तांब्या-पितळेची. जस्ताला आंबट लागलं की ते विरघळायलाच लागतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर, कोकमाचं आगळ, काहीही नको. गाडी चकचकीत दिसेल आणि अंगावर देवीचे वण आल्यासारखे खड्डे पडतील. टूथपेस्टही नको, ती पॉलिशपेपरसारखी घासते.

वाशिष्ठीकाठ

चिंचेचं वेळेत सांगितलंत, काल संध्याकाळी आगळाची बाटली काढून ठेवली होती खरोखर.

आणि काका नाही हो, मावशी म्हणा. "लिहितेय पहिल्यांदा" पासून शेवटपर्यंत बायकी क्रियापदं आहेत. गाड्या म्हटलं की पुरुषच, हे आमच्या काकाचंही मत होतं.

शुक्रवारचा_चोरबाजार (ठाणे)

चुकलो मावशी. कान धरले.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

मावशी, तुमचा काका बोटीवर होता म्हणून लेस्नी. आमच्या घरात ना कुणी बोटीवर, ना कुणाचा मामा आखातात. त्या काळात परदेशी खेळणं दुकानात मांडून विकायला मिळणं जवळजवळ अशक्य होतं. मिळालं तर स्मगलिंगचं, आणि ते आमच्या वडिलांच्या पगारात बसायचं नाही. आमचं बालपण वेगळ्या गाडीत गेलं, तेही इथे नोंदवून ठेवतो, कारण इंग्लंडच्या गाड्यांवर सगळे बोलतात, या राहून जातात.

वडील रेल्वेत, एकदा कामासाठी कलकत्त्याला गेले होते. तिथून त्यांनी एक जॅग्वार आणली, खाली नाव "निकी टॉइज". माझ्याहून चार वर्षांनी मोठा असलेला शेजारचा मुलगा मला चिडवायचा की ही डुप्लिकेट आहे, खरी डिंकी असते. मी त्या वयात रडलो होतो. मोठेपणी कळलं की दोघंही थोडे बरोबर होतो. लिव्हरपूलच्या मेकॅनोच्या डिंकी गाड्यांचे काही जुने साचेच कलकत्त्याला आले आणि त्यांतून इथे निकी गाड्या ओतल्या गेल्या. साचा अस्सल डिंकीचा, धातू आणि रंग आपला. काहींच्या पोटावर तर डिंकी हे नाव खरवडून मिटवल्याची जागा दिसते. माझीवर दिसते. नखाने चाचपलं की तिथे गुळगुळीत चट्टा लागतो, आजूबाजूची अक्षरं खरखरीत. डिंकीत जी स्टँडर्ड अ‍ॅटलस व्हॅन होती ती निकीत "स्टँडर्ड २०" झाली, कारण आपल्या रस्त्यावर ती त्या नावाने धावायची. हे मला फार आवडतं. साहेबाच्या गाडीचं बारसं आपल्या नावाने.

रंग जाडा असायचा, काचा कधी असायच्या कधी नसायच्या, दारं बंद केली तरी नखभर उघडी. आज त्याच कच्चेपणामुळे इंग्लंडमधले लोक निकी शोधत फिरतात. आणि लिव्हरपूलचा तो डिंकीचा कारखाना १९७९ मध्ये बंदच पडला. शेजारच्या मुलाला हे सांगायचं राहून गेलं, ते लोक बिऱ्हाड हलवून गेले.

तुमच्या प्रश्नावर: माझ्या जॅग्वारचा रंग मी सातवीत असताना हिरव्या ऑइलपेंटने बदलला होता. आज तो खरवडून खालचा मूळ रंग काढावा असं दहा वेळा मनात आलं. थिनरचा बोळा हातात घेऊन बसलो. थिनरला कुठे कळणार, वरचा रंग माझा आणि खालचा कंपनीचा. दोन्ही निघाले असते. तुमच्या काळ्या जपानचं तेच. टॅक्सी पुन्हा पिवळी करायला गेलात तर पिवळीही जाईल.

एक बारीकशी भर. तुमच्या ओढगाडीवरची एस्सोची चिठ्ठी जपा. आपल्याकडचे एस्सोचे पंप १९७४ मध्ये सरकारने घेतले आणि हिंदुस्तान पेट्रोलियम झालं. पंपांवरून ते नाव पुसलं गेलं, तुमच्या ट्रंकेत राहिलं.

पंचगंगा_पेंटर

मी रंगवणारा आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. कोल्हापुरात माझं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं काम, खऱ्या गाड्यांचं. हौस म्हणून छोट्या गाड्याही करतो. रंगवणं म्हणजे पाप असं मी म्हणणार नाही. अर्धा रंग गेलेली, चाकं नसलेली, कुणाची आठवण नसलेली गाडी असेल तर ती नवी करण्यात मजाच आहे. तशा मी तीस-चाळीस केल्यात.

पण पहिली जी केली तिचं सांगतो. माझ्या मेहुण्याची कॉर्गीची अ‍ॅस्टन मार्टिन होती, जेम्स बाँडवाली, १९६५ ला निघालेली ती सोनेरी. टपाचा भाग उघडून शेजारचा माणूस उडतो ती. त्याला म्हटलं, दे, शोरूमची करून देतो. पोटाचे रिवेट ड्रिलने उडवताना हात एक मिलिमीटर जास्त गेला आणि आतला खांबच फुटला. ते पोट आजही अ‍ॅरल्डाइटवर आहे. रंग मी खऱ्या गाडीचाच वापरला, दोन कोट, वर क्लिअर. लांबून अप्रतिम. जवळ घेतली तर दाराच्या रेघा भरून गेलेल्या, पुढच्या जाळीतले खाचे बुजलेले, जणू गाडीवर पाक ओतलाय. बोटभर गाडीवर खऱ्या गाडीचा कोट म्हणजे माणसाला गोधडीचा सदरा. आणि उडणारा माणूस जोडताना स्प्रिंग उडाली ती सापडलीच नाही. मेहुणा काही बोलला नाही. दिवाळीला घरी गेलो की ती शोकेसमध्ये माझ्याकडे तोंड करून ठेवलेली असते.

मुंबईतला तो कारागीर माझ्यापेक्षा चांगला असेलही. तरी त्याला दोन गोष्टी विचारा. रिवेट उडवल्यावर पोट परत कशाने बसवणार? आणि रंग उतरवायला काय वापरणार? कॉस्टिक सोड्याचं नाव काढलं तर गाड्या घेऊन परत या. कॉस्टिक रंगाबरोबर जस्तही खातो.

आता नातवाचं. साहेब असोत नाहीतर आपण, त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. चार वर्षांचं पोर वस्तू तोंडात घालतं. काळ्या जपानाचे टवके निघालेली गाडी त्याच्या हातात देऊ नका, रंगवलेली असो वा नसो. दादांना नातवासाठी मॅचबॉक्स हवी तर आजची घ्या, मॅटेलच करते आता, त्यांच्या गावातल्या दुकानात लटकलेली असेल. आणि त्यांना रंगवून घ्यायचीच हौस असेल तर कुठूनतरी एक मोडकी इम्पाला मिळवून माझ्याकडे पाठवा. पिवळी म्हणाल तर पिवळी, काळी-पिवळी म्हणाल तर काळी-पिवळी. वातीचा धागा मात्र मला जमणार नाही.

वाशिष्ठीकाठ

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवस लागले, कारण "एक थेंब आणि एक दिवस" हे मी अक्षरशः पाळलं. माझ्या सासूबाईंचं मशीन विकलं होतं, पण तेलाची कुपी कशी कोण जाणे ठेवली होती.

हिशोब देते. सतरापैकी चौदा गाड्यांची चाकं सुटली. पहिली सुटली ती भात झोडणीची. चाकं फिरली की आतून वाळकी माती बारीक धुळीसारखी बाहेर पडते, अजून पडतेय. वर्तमानपत्रावर ठेवते, सकाळी कागदावर चार रेघा उमटलेल्या असतात. तीन अजून अडलेल्या, त्यांत मस्टँग. भेगांचं जाळं कुठेही नाही, भिंगाने बघितलं. चष्म्यावर भिंग धरून बघताना कुत्र्यांच्या मर्क्युरीत एक गोष्ट दिसली जी लहानपणी कधीच दिसली नव्हती: काच आतून गाळाने भरली होती, आणि तो सुकून खाली बसलाय, सगळा सारखा, त्या दोन कुत्र्यांच्या गळ्यापर्यंत. जणू पाणी चढलंय आणि ती खिडकीतून बघतायत. पोट उघडल्याशिवाय तो निघणार नाही. पंचगंगावाल्यांचं वाचल्यावर उघडणार नाहीच. राहू दे.

खोकं मिळालं. आजीच्या पानाच्या डब्याच्या तळकप्प्यात एकच, चपटं झालेलं. डबा माडीवर होता म्हणून वाचला. बाजूवर बस दिसते, म्हणजे ते बसचं. आतून चुन्याचं बोट पुसलेलं आहे.

टॅक्सी फक्त कोरड्या ब्रशने झाडली. बॉनेटवरचं चित्र आमच्या जपानाखाली आहे की नाही ते कळायला मार्ग नाही.

दादाला व्हिडिओ कॉल केला. एकेक गाडी कॅमेऱ्यासमोर धरली. रंगवायचं नाही म्हटल्यावर आधी हिरमुसला, मग शिशाचं सांगितल्यावर गप्प झाला. त्याची सून डॉक्टर आहे, ती मागून "अजिबात नाही" म्हणाली, त्यामुळे माझं काम सोपं झालं. नातवाला आजची मॅचबॉक्स आणलीय म्हणे, त्याने ती सोफ्याखाली घातली.

पण टॅक्सी दाखवली आणि भांडण लागलं. तो म्हणतो जपान त्याने लावला. मी म्हणते मी. त्याला कंदिलाची वात आठवत नाही, तो म्हणतो कोंबडीचं पीस होतं. मी धागा कॅमेऱ्याला लावून दाखवला, तर म्हणतो पिसाचाच असेल. चुलतभावाला फोन करून झाला, तो त्या वेळी जन्मलाच नव्हता तरी त्याचंही मत आहे.

आता दादा म्हणतो, रंग त्याने लावला तेव्हा टॅक्सी त्याची, बाकीच्या सोळा मी ठेवाव्यात, जानेवारीत येईल तेव्हा घेऊन जाईल. मी म्हटलं, ये. फळी आहे, पायरी आहे, कोबा पुरानंतर नवा घातलाय. टॅक्सीची चाकं सुटलीत. तू तुझी आण.

शुक्रवारवाले, मस्टँगच्या पुढच्या आसाला किती दिवस तेल घालत राहू?

शुक्रवारचा_चोरबाजार (ठाणे)

जानेवारीपर्यंत, मावशी. मस्टँगची पुढची चाकं वळती असल्याने तिथे जास्त भाग आहेत, माती आत दडून बसते. रोज नको, आठवड्याला एक थेंब. आणि टॅक्सीला मात्र आता तेल बंद, जास्त झालं तर कोब्यावरची धूळ धरेल आणि मागे पडेल.